एक सोडून एक

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कमधून सकाळी परळच्या मोठ्या रुग्णालयांकडे निघणाऱ्यांची संख्या कमी नाही. हातात जाडजूड फाइल, पिशवीत एक्स-रे, सोबतीला कोणीतरी घरचे. दादरला गाडी बदलायची की प्रभादेवीला उतरून चालत जायचे, एवढाच काय तो वाद. अशा एखाद्या रुग्णापुढे कधीतरी डॉक्टर एक कागद ठेवतात. त्यावर लिहिलेले असते की या आजारावर दोन उपचार आहेत, दोहोंपैकी कोणता सरस हे अजून ठरलेले नाही, आणि तुम्हाला कोणता मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत. ते संगणकातून निघालेल्या यादृच्छिक क्रमाने ठरेल. नातेवाइकांच्या कपाळावर आठी उमटते. एवढे शिकलेले डॉक्टर आणि उपचार मात्र चिठ्ठी टाकून?

शंका रास्त आहे. वैद्यकीय संशोधन शिकायला आलेल्या तरुण डॉक्टरांनाही पहिल्या दिवशी हीच शंका असते, फक्त ती उघड विचारायला ते लाजतात. तिचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. परळच्या त्याच परिसरात आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था आहे. हे नाव मुंबईकरांना लसींमुळे आणि सर्पदंशावरच्या औषधामुळे ओळखीचे आहे. हा हाफकिन कोण, हे मात्र विचारले तर दहातले आठ जण गप्प बसतील. मुंबईच्या तुरुंगांत आणि बडोद्याजवळच्या एका खेड्यात त्याने माणसांचे जे दोन-दोन गट केले, त्यांत आजच्या क्लिनिकल ट्रायलचे जवळजवळ सगळे धडे सापडतात. चुकांचेसुद्धा.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातल्या ज्यू कुटुंबात झाला. ते डॉक्टर नव्हते. शिक्षण प्राणिशास्त्राचे. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांचे गुरू होते इल्या मेचनिकॉफ, ज्यांना पुढे पांढऱ्या पेशींवरच्या कामासाठी नोबेल मिळाले. त्या काळच्या रशियात ज्यूंवर हल्ले होत होते आणि तरुण हाफकिन झारशाहीविरोधी चळवळीत ओढले गेले. अटक झाली, पोलिसांची नजर मागे लागली. धर्म बदलला असता तर प्राध्यापकी मिळाली असती. त्यांनी तो बदलला नाही आणि काही वर्षे शहराच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एकपेशीय जीवांचा अभ्यास करत काढली. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. तिथे मोकळी असलेली एकच जागा होती, ग्रंथालयातल्या साहाय्यकाची. हाफकिन यांनी ती घेतली. दिवसा पुस्तके, उरलेल्या वेळात प्रयोगशाळा.

तेव्हा युरोपला पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, पुन्हा वेढले होते. हाफकिन यांनी कॉलऱ्याच्या जंतूंपासून लस तयार केली, ससे आणि गिनीपिगवर वापरली आणि १८ जुलै १८९२ रोजी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, काही दिवसांत बरे वाटले. मग काही मित्रांनीही टोचून घेतले.

इथे थोडे थांबायला हवे, कारण स्वतःवर प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट आपल्याला इतकी आवडते की पुढचा प्रश्न विचारायचे राहून जाते. हाफकिन यांनी स्वतःला लस टोचली यातून काय सिद्ध झाले? एवढेच, की एका धडधाकट तरुणाला ती लस सोसली. कॉलऱ्यापासून ती वाचवते की नाही याबद्दल त्यातून काहीही कळत नव्हते. ज्याला लस दिली तो आजारी पडला नाही हे खरे, पण लस न देताही तो आजारी पडला नसताच कशावरून? काही वर्षे आधी, १८८५ मध्ये, स्पेनमध्ये फेरान नावाच्या डॉक्टरने कॉलऱ्याच्या साथीत हजारो लोकांना टोचले होते. नोंदी धड ठेवल्या नाहीत, तुलना करायला कोणता गट होता तेही सांगता येईना. परदेशी समित्या येऊन बघून गेल्या आणि लस उपयोगी होती की नव्हती याचा निकाल लागलाच नाही. हजारो माणसांना टोचूनही हाती काही नाही. हाफकिन यांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती.

लशीची खरी परीक्षा घ्यायची तर कॉलरा जिथे कायम मुक्कामाला आहे तिथे जायला हवे होते. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या मध्यस्थीने परवानगी मिळाली आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. रशियन ज्यू, फ्रेंच संस्थेतून आलेला, तोही डॉक्टर नसलेला. गोऱ्या सैनिकी डॉक्टरांना तो संशयास्पद वाटला, तर लोकांना सुई घेऊन फिरणारा कोणताही साहेब संशयास्पद वाटत होता. बंगाली डॉक्टरांची एक तुकडी मात्र त्यांच्याबरोबर वस्त्यांमध्ये फिरू लागली. लोकांचा विश्वास मिळाला तो बहुतांशी या देशी डॉक्टरांमुळे, हे हाफकिन यांचे चरित्र सांगताना बऱ्याचदा विसरले जाते.

वस्त्यांत काम करताना एक गोष्ट घडली. मार्च १८९४ मध्ये काटाल बागान नावाच्या वस्तीत कॉलरा फुटला. सुमारे दोनशे लोकांची वस्ती, त्यांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. त्यानंतरच्या दिवसांत तिथे जे रुग्ण निघाले ते न टोचलेल्यांपैकी होते. एकाच वस्तीतले, एकाच टाकीचे पाणी पिणारे शेजारी. यापुढे हाफकिन यांनी हाच मार्ग धरला. एक गाव टोचले आणि दुसऱ्या गावाशी तुलना केली तर पाणी वेगळे, वस्ती वेगळी, साथही वेगळी असू शकते. म्हणून तुलना शक्यतो एकाच घरात, एकाच तुरुंगात, एकाच मळ्यातल्या मजुरांमध्ये करायची. मग प्रत्येकाचे पुढे काय झाले याचा पाठपुरावा करायचा. दोन वर्षांत त्यांनी सुमारे ४२ हजार लोकांना टोचले. मलेरियाने अंग पोखरल्यावर ते इंग्लंडला परतले. १८९६ मध्ये पुन्हा आले आणि त्याच शरद ऋतूत मुंबईने त्यांना बोलावून घेतले.

मांडवी भागात काम करणाऱ्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये एका रुग्णाच्या जांघेतली गाठ आणि ताप पाहून प्लेगचे निदान केले होते. पुढच्या काही महिन्यांत शहर जवळपास अर्धे रिकामे झाले. गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या भाईंदरवरून खाडीचा पूल ओलांडत. आज जेसल पार्कच्या चौपाटीवर संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांना जो पूल दिसतो तो त्यानंतरचा, पण वाट तीच. १८९७ च्या हिवाळ्यात त्या वाटेने मुंबईतून पळालेली कुटुंबे बोचकी घेऊन उत्तरेकडे जात होती आणि काही जण सोबत प्लेगही नेत होते. सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी त्याच आजाराने गेल्या. घरात घुसून तपासणी, स्त्रियांची अंगझडती, सक्तीने रुग्णालयात नेणे यामुळे लोक इतके चिडले होते की जूनमध्ये पुण्यात रँडचा खून झाला. सरकारच्या हातातली कोणतीही सुई लोकांना शत्रूची वाटावी असा तो काळ होता.

हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. जंतू वाढवायला मटणाचा रस्सा लागतो. गाईचे किंवा डुकराचे मांस वापरले असते तर मुंबईत कोणी दारातही उभे केले नसते, म्हणून बकऱ्याचे मांस. त्या रश्शावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू पृष्ठभागाला धरून वाढतात हे त्यांनी पाहिले होते. तुपाच्या थेंबांखाली ते झुंबरासारखे लोंबकळत वाढू लागले. बाटली हलवली की ते खाली पडत आणि वर नवे वाढत. असे काही आठवडे चालल्यावर सगळे तापवून जंतू मारायचे, थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे, झाली लस. घरोघरी असणारे साजूक तूप जंतुशास्त्राच्या कामाला आले, ते असे. साहाय्यक मात्र टिकेनात. एकाचे मानसिक स्वास्थ्य ढासळले, दोघे सोडून गेले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला १० मिलिलिटर लस टोचून घेतली, तीही गुपचूप. कॉलेजच्या प्राचार्यांसह मोजक्याच लोकांना ते माहीत होते.

तीन आठवड्यांनी, ३० जानेवारीला, भायखळ्याच्या तुरुंगात ती लस पहिल्यांदा मोठ्या गटाला दिली गेली. तिथे प्लेग शिरला होता. कैद्यांना विचारले गेले आणि ३३७ पैकी १५४ जण पुढे आले. त्यांतल्या एकाला टोचण्याआधीच गाठ होती, त्याने ती सांगितली नव्हती. आणखी दोघांना त्याच संध्याकाळी गाठी आल्या. तिघेही दगावले. उरलेल्यांपैकी पुढच्या दिवसांत दोघांना प्लेग झाला आणि दोघेही वाचले. न टोचलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला आणि सहा मेले.

दोन विरुद्ध बारा, शून्य विरुद्ध सहा. आकडे भरघोस दिसतात. संशोधन शिकणाऱ्याने मात्र इथे दोनदा अडखळायला हवे.

पहिली अडखळण त्या तिघांची. हाफकिन यांचे म्हणणे असे की त्यांच्या शरीरात प्लेग आधीच शिरला होता, लशीला काम करायला वेळच मिळाला नाही, म्हणून त्यांना हिशेबात धरू नये. वैद्यकीयदृष्ट्या ते पटण्यासारखे आहे. पण टोचलेल्या गटातून असे लोक वगळायचे तर न टोचलेल्या गटातूनही अगदी त्याच नियमाने, त्याच घटकेपर्यंतचे रुग्ण वगळले पाहिजेत. नाहीतर एका बाजूचे मृत्यू पुसले जातात आणि दुसऱ्या बाजूचे राहतात. आणि हा नियम चाचणी सुरू होण्याआधी लिहून ठेवायला हवा, निकाल पाहिल्यावर नाही. वगळलेल्या रुग्णांची यादी हा आजही कोणत्याही चाचणीतला सर्वांत आधी वाचण्याचा भाग आहे. अनुभवी परीक्षक थेट तिथे बोट ठेवतात.

दुसरी अडखळण जास्त खोल आहे. टोचून घ्यायला जे पुढे आले ते कोण होते? कदाचित तरुण, धट्टेकट्टे, स्वतःची काळजी घेणारे. मागे राहिलेले कदाचित म्हातारे, आधीच खंगलेले, किंवा ज्या कोठडीत उंदीर जास्त तिथले. तसे असेल तर लस म्हणजे नुसते पाणी असते तरी टोचलेल्यांत कमी मृत्यू दिसले असते. तसे नव्हतेही कदाचित. अडचण ही की भायखळ्याच्या आकड्यांवरून ते ठरवता येत नाही. आजही योग, आयुर्वेद, जीवनसत्त्वे, महागड्या तपासण्या, कशाचाही उपयोग सांगताना जे स्वतःहून आले त्यांची तुलना न आलेल्यांशी केली जाते. १२५ वर्षांपूर्वीची चूक रोज नव्या वेष्टनात समोर येते.

हाफकिन यांना ही त्रुटी दिसली होती, हे त्यांच्या पुढच्या कामावरून कळते. १८९८ च्या सुरुवातीला उमरखाडीच्या तुरुंगात प्लेग आला तेव्हा त्यांनी कोण पुढे येतो याची वाट पाहिली नाही. कैदी रांगेत बसवले आणि एक सोडून एक टोचत गेले. धट्टाकट्टा कोण, आजारी कोण, धीट कोण, हे बघायचेच नाही. रांगेत जिथे बसला तिथे त्याचे नशीब. निकाल असा लागला: न टोचलेल्यांत दहा रुग्ण आणि सहा मृत्यू, टोचलेल्यांत तीन रुग्ण आणि एकही मृत्यू नाही. भायखळ्याच्या मानाने फरक कमी नेत्रदीपक आहे. पण यावर विश्वास जास्त ठेवावा.

त्याच फेब्रुवारीत ते बडोद्याजवळच्या उंधेरा या हजारएक वस्तीच्या गावी गेले. ही हाफकिन यांच्या आयुष्यातली सर्वांत चोख चाचणी आणि सर्वांत अस्वस्थ करणारीही. प्लेग गावात आधीच फिरत होता. मेजर बॅनरमन यांच्यासह त्यांनी प्रत्येक कुटुंब एकत्र बोलावले आणि घरातल्या काहींना टोचले, काहींना नाही. बाप टोचलेला, काका नाही. एक भाऊ टोचलेला, दुसरा नाही. एकूण ५१३ जणांना लस मिळाली, ४३७ जणांना मिळाली नाही. मग काही आठवड्यांनी अधिकारी आणि डॉक्टर घरोघर जाऊन मोजणी करून आले. ज्या २८ घरांत प्लेग शिरला तिथे टोचलेले ७१ जण होते. त्यांतले आठ आजारी पडले, तिघे मेले. त्याच घरांत न टोचलेले ६४ जण होते. त्यांतले २७ आजारी पडले आणि २६ मेले.

शंभरात चार विरुद्ध शंभरात चाळीस. घर एक, चूल एक, जमिनीखालचे उंदीरही तेच. यापेक्षा नेटकी तुलना त्या काळात क्वचितच कोणी केली असेल. पण त्या २६ जणांचे काय? लस हातात असताना ती अर्ध्या घराला नाकारणे योग्य होते का? हा प्रश्न टाळून पुढे जाणारा माणूस संशोधनाला नालायक समजावा. त्याचे उत्तर असे की फेब्रुवारी १८९८ मध्ये ती लस वाचवते हे हाफकिन यांना वाटत होते, जगाला पटलेले नव्हते. अनेक नामांकित डॉक्टर ती निरुपयोगी मानत होते, तर काही घातक. खरोखर शंका असेल तोवरच असे गट करता येतात. शंका फिटली की त्या क्षणी ते अनैतिक ठरते. आज हे ठरवण्याचे काम संशोधकावर सोपवत नाहीत, कारण त्याला आपल्या औषधावर जीव असतो. त्यासाठी नैतिकता समिती असते आणि मधल्या काळात आकडे तपासून गरज पडल्यास चाचणी थांबवणारी स्वतंत्र समिती असते. उंधेऱ्यात यांपैकी काहीच नव्हते. आणि भायखळ्याच्या कैद्याने दिलेली संमती किती मोकळेपणाची होती, हेही कोणी विचारले नव्हते. आजचे नियम कैद्यांवरच्या संशोधनाबाबत इतके कडक आहेत ते उगाच नाही.

लशीची कीर्ती पसरली. आगाखान तिसरे यांनी स्वतः लोकांसमोर टोचून घेतले आणि हजारो खोजांनी त्यांचे अनुकरण केले. १८९९ च्या ऑगस्टमध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली आणि ती जागा आजही संस्थेकडे आहे. मात्र सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने देशभरातले आकडे तपासले तेव्हा हाफकिन यांना बरेच ऐकून घ्यावे लागले. लस आजार आणि मृत्यू कमी करते हे आयोगाने मान्य केले. पण अनेक ठिकाणची आकडेवारी भरवशाची नाही, टोचलेल्यांची आणि न टोचलेल्यांची संख्या नीट मोजलेली नाही, असेही नोंदवले. गाव सोडून गेलेले, लपवलेले मृत्यू, चुकीचे निदान. तुरुंगाच्या भिंतीआड जे नेमके मोजता येते ते उघड्या शहरात निसटते. लस टोचणाऱ्यानेच तिचे यश मोजू नये, हा धडा आयोगाने हाफकिन यांच्याच खर्चाने जगाला दिला.

मग १९०२ चा ऑक्टोबर उजाडला. पंजाबातल्या मलकोवाल गावात ३० तारखेला १०७ जणांना टोचले. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण काही दिवसांत धनुर्वाताने मेले. बाटली परळहून आलेली होती. चौकशी आयोगाने ठरवले की जंतू बाटलीत परळलाच शिरले असणार. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले आणि १९०४ मध्ये ते इंग्लंडला निघून गेले. पुरावा मात्र वेगळे सांगत होता. टोचण्याच्या दिवशी बाटलीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि त्याने तो उकळून न घेता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून वापरला होता. धनुर्वाताचे जंतू आधीपासून वाढत असते तर बाटली उघडताच दुर्गंधी आली असती. तशी कोणालाही आली नव्हती. मलेरियाच्या शोधासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस या बाजूने उभे राहिले. १९०७ च्या जुलैत दहा शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले. वर्षअखेरीस हाफकिन निर्दोष ठरले. त्या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांहून अधिक बळी घेतले होते.

निर्दोष ठरले, पण परळची खुर्ची तोवर दुसऱ्याकडे गेली होती. हाफकिन यांना कलकत्त्याला पाठवले गेले. तिथे त्यांनी मृत जंतूंची कॉलऱ्याची नवी लस तयार केली आणि तिची माणसांवर चाचणी करू द्यावी अशी विनंती केली. सरकारने परवानगी दिली नाही. ज्या माणसाने या देशात तुलनेचा गट म्हणजे काय ते दाखवून दिले, त्याला उरलेली वर्षे बंद खोलीत बसवून ठेवले. सरकारी यंत्रणा माणसाला दोषमुक्त करते, पण विश्वास परत देत नाही. १९१४ च्या सुमारास पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन ते युरोपला गेले.

ते गेले आणि लगेच, १९१५ मध्ये, लंडनमध्ये मेजर ग्रीनवुड आणि उड्नी यूल या दोघांनी लसींच्या आकडेवारीवर एक लांबलचक निबंध प्रसिद्ध केला. ‘मेजर’ हे त्यांचे नाव होते, हुद्दा नव्हे. विषय होता विषमज्वर आणि कॉलऱ्याच्या लसींचा, पण त्यांनी घातलेल्या तीन अटी कोणत्याही उपचाराला लागू पडतात. टोचलेले आणि न टोचलेले लोक सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखे हवेत. रोगाशी त्यांचा संपर्क सारखा हवा. आणि एखाद्याला रोग झाला की नाही हे ठरवताना त्याला टोचले होते की नाही याचा परिणाम होता कामा नये. भायखळा पहिल्या अटीत नापास होतो. उंधेरा पहिल्या दोन अटींच्या पुष्कळ जवळ जातो. तिसऱ्या अटीत मात्र दोन्ही अडतात, कारण कोणाला टोचले आहे हे माहीत असतानाच निदान केले जात होते.

याच ग्रीनवुड यांच्या हाताखाली ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल तयार झाले. पहिल्या महायुद्धात क्षयाने खाटेला खिळल्यामुळे हिल डॉक्टर होऊ शकले नाहीत, मग आकडेशास्त्राकडे वळले. १९३७ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये डॉक्टरांसाठी सोप्या भाषेत लेखमाला लिहिली. रुग्णांचे गट कसे करावेत हे सांगताना त्यांनी सुचवले, एक सोडून एक. उमरखाडीचीच रीत. खरे म्हणजे हिल यांना तिची खोट ठाऊक होती. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरला आधीच कळते. मग दारात उभा असलेला खंगलेला म्हातारा पाहून तो हळूच म्हणू शकतो की याला आज नको, उद्या घेऊ. मनात खोट नसतानाही हात असा वळतो. रांगेत बसलेल्या कैद्यांना जागा बदलता येत नव्हती, दवाखान्यातल्या रांगेत ती बदलता येते. पण यादृच्छिक आकड्यांचे कोष्टक दाखवले तर डॉक्टर घाबरून पळतील, म्हणून ते आपण मुद्दाम लिहिले नाही, असे हिल यांनी म्हातारपणी कबूल केले. शिकवणाऱ्याने किती आणि कधी सांगावे याचे याहून प्रामाणिक उदाहरण सापडणे कठीण.

युद्धानंतर ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन थोडेच उपलब्ध होते, सगळ्या क्षयरुग्णांना पुरणारे नव्हते. तेव्हा हिल यांनी ते धाडस केले. गट यादृच्छिक आकड्यांनी ठरवले आणि ते बंद पाकिटांत ठेवले. रुग्ण दाखल करायचा हे आधी ठरवायचे, पाकीट नंतर उघडायचे. एक्स-रे वाचणाऱ्यांना कोणता रुग्ण कोणत्या गटातला हे सांगितले नव्हते. १०७ रुग्ण. औषध मिळालेल्या ५५ पैकी चार जण सहा महिन्यांत मेले, न मिळालेल्या ५२ पैकी चौदा. १९४८ मध्ये तो अहवाल निघाला. काही वर्षांतच मद्रासमध्ये क्षयावर अशीच चाचणी झाली. अर्ध्या रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवले, अर्ध्यांना घरीच औषधे दिली. झोपडीत राहून, बेताचे खाऊनही रुग्ण जवळपास तितकेच बरे होतात हे १९५९ मध्ये दिसून आले. आज जेसल पार्कमधला क्षयरोगी महापालिकेच्या दवाखान्यातून गोळ्या घेऊन घरी राहतो, कामाला जातो, तो त्या चाचणीमुळे.

परळच्या फाइलमधला तो कागद याच बंद पाकिटाचा वारस आहे. पाकिटाच्या जागी आता संगणक आला. डॉक्टरला निवड करू न देणे हा रुग्णाकडे केलेला काणाडोळा नाही. डॉक्टरच्या मनातली आशा निकालात मिसळू नये म्हणून घातलेली ती अडसर आहे. सही करण्याआधी रुग्णाने विचारावे असे प्रश्नही हाफकिन यांच्याच गोष्टीतून निघतात. दोन्ही उपचारांबद्दल खरोखर शंका आहे का? मला नको असेल तर नेहमीचा उपचार मिळेल का? मध्येच बाहेर पडता येईल का? निकाल कोण मोजणार? चाचणी सरकारी नोंदणीत आहे का? भारतात २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदी कोणालाही पाहता येतात. डॉक्टर या प्रश्नांवर चिडले तर सही करायची घाई करू नये.

हाफकिन यांनी लग्न केले नाही. पॅरिसजवळ एकटेपणाने, धर्मग्रंथ वाचत त्यांनी उतारवय काढले. १९२५ मध्ये मुंबईतून पत्र आले की परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात येत आहे. तोवर तिथून प्लेगच्या लशीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या होत्या. त्यांनी आभाराचे उत्तर पाठवले. पुढे ते स्वित्झर्लंडमधल्या लोझानला राहायला गेले आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी तिथेच वारले. आपली बहुतेक पुंजी त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांमधल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवली होती.